तेराव्या वर्षी डिफेन्सवर टाकलेल्या मुलाचं पुढे काय होतं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कॅनडात टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये घर, नोव्हेंबरात जन्मलेला 13 वर्षांचा मुलगा, सहाव्या वर्षापासून आइस हॉकीत फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून हल्ला करणारा, म्हणून खेळणारा, गोल करणारा म्हणून संघात ओळख, आणि यंदा कोचने त्याला उचलून डिफेन्सवर, म्हणजे मागे बचावाला, टाकलं. त्याच्या बाबांना वाटतं की पोराला खाली ढकललं, संघ बदलावा. मुलगा काही बोलत नाही. तुम्ही विचारलंय, की डिफेन्समन म्हणून पुढे खरंच व्यावसायिक करिअर होतं का, मध्यम उंचीच्या मुलाला त्यात जागा असते का, आणि त्यापायी आतापासून किती पैसा ओतायचा आणि शाळेचं काय करायचं.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी फिजिओथेरपिस्ट. मूळ सांगलीचा, शिक्षण पुण्यात, गेली 20 वर्षं ऑन्टारिओत. त्यातली 13 वर्षं 16 ते 20 वयाच्या मुलांच्या ज्युनियर संघांबरोबर गेली: सामन्यात बेंचच्या मागे उभं राहायचं, रात्री बसमधून त्यांच्यासोबत परतायचं आणि सकाळी तीच मुलं उपचाराच्या टेबलावर. मी कोच नाही, स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारा) नाही, आणि तुमच्या मुलाचा खेळ मी पाहिलेला नाही. तो किती चांगला आहे यावर मी एक शब्द बोलणार नाही. पण कोण टिकलं, कोण गळलं आणि कशामुळे, हे मी फार जवळून पाहिलंय.

माझ्या मते तुमच्यापुढचा खरा प्रश्न एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, नाहीच. डिफेन्समन उशिरा पिकतो. तेव्हा 13 व्या वर्षापासून 20 व्या वर्षापर्यंत या मुलाचे पाय, डोकं आणि शिक्षण शाबूत कसं ठेवायचं, हा तुमचा प्रश्न आहे. एवढं सांभाळलं तर बाकीच्या गोष्टी त्याच्या गुणांवर आणि थोड्या नशिबावर सोडता येतात.

आधी बाबांची शंका घेऊ, कारण घरातला ताण तिथला आहे. तुमच्याच ब्रॅम्प्टनच्या ज्युनियर संघात, ब्रॅम्प्टन बटालियनमध्ये, ब्रेंट बर्न्स नावाचा मुलगा उजव्या बाजूचा फॉरवर्ड म्हणून खेळायचा. 2003 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, मिनेसोटाच्या संघाने त्याला 20 व्या क्रमांकावर घेतलं तेही फॉरवर्ड म्हणूनच. तिथे त्याला डिफेन्सवर हलवण्यात आलं. पुढे सॅन होजेत त्याला काही काळ परत फॉरवर्ड केलं, पुन्हा मागे आणलं, आणि 2017 मध्ये त्याने नॉरिस ट्रॉफी जिंकली. एनएचएलच्या हंगामातल्या सर्वोत्तम डिफेन्समनला मिळते ती. म्हणजे जागा बदलली म्हणून कुणाचं करिअर संपत नाही.

तरी कोचने हे का केलं ते मात्र विचारा. भांडायला जाऊ नका, नुसतं विचारा: "तुम्हाला त्याच्यात काय दिसलं?" कोच म्हणाला, "पक हातात येण्याआधी तो मान वळवून बघतो" (पक म्हणजे खेळातली रबरी चकती), किंवा "उलटं स्केटिंग करताना त्याचा वेग पडत नाही", तर समजा की त्याने मुलाकडे नीट पाहिलंय. उत्तर "फॉरवर्ड जास्त झाले होते" असं आलं, तर तो संघाच्या सोयीचा निर्णय आहे. तोही वाईट नसतो, पण मग हंगाम संपताना पुन्हा बोलून घ्यावं. या दोन उत्तरांत मोठा फरक आहे.

आता हे काम नेमकं काय आहे ते सांगतो, कारण रिंकवर बसणाऱ्या आपल्या बहुतेक आईबापांना गोल दिसतो, डिफेन्स दिसत नाही. मी शाळेत कबड्डी खेळायचो, उजवा कोपरा. चढाईवाला आत आला की कोपऱ्यातल्या मुलाची पहिली परीक्षा असते ती घाई न करण्याची. लवकर झेपावला तर चढाईवाला बोनस घेऊन निसटतो, उशीर केला तर हात लावून जातो. आमचे सर ओरडायचे, "त्याच्या हाताकडे बघू नको, कमरेकडे बघ!" पहिल्यांदा कॅनडात बेंचमागे उभा राहिलो तेव्हा कोच त्याच्या डिफेन्समनला ओरडून सांगत होता, पककडे नको, त्याच्या छातीकडे बघ. हा खेळ मला तिथून समजायला लागला.

समोरून फॉरवर्ड वेगात येतोय आणि डिफेन्समन उलटं स्केटिंग करत मागे सरकतोय. दोघांमधलं अंतर म्हणजे गॅप. हे अंतर जास्त ठेवलं तर तो आरामात ब्लू लाइन, म्हणजे आपल्या बचावक्षेत्राची रेषा, ओलांडून आत येतो आणि शॉट मारतो. फार कमी ठेवलं तर एका वळणात तो तुम्हाला मागे टाकतो. चांगला डिफेन्समन मधली वाट बंद ठेवून त्याला हळूहळू बोर्डाकडे, म्हणजे कडेच्या भिंतीकडे, ढकलत नेतो आणि ब्लू लाइनपाशी अंतर मिटवतो. अंगावर आदळायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही. स्टिक योग्य जागी असली तरी पुरे.

दुसरं काम मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. समोरचा संघ मधल्या रेषेवरून पक मागच्या कोपऱ्यात भिरकावतो आणि आपला डिफेन्समन वळून त्याच्यामागे धावतो. एकदा गोलपोस्टच्या मागच्या काचेला नाक लावून उभ्या राहा, मग हे नीट दिसेल. मुलगा तुमच्याकडे तोंड करून येतो, त्याच्या पाठीवर समोरचा फॉरवर्ड. पकपर्यंत पोचायच्या आत त्याची मान एकदा डावीकडे वळते, एकदा उजवीकडे. पाठीमागे कोण, किती लांब, आपला जोडीदार कुठे, हे त्याने त्या दोन झलकांत टिपलेलं असतं. मग खांद्याने डावीकडे जायची हूल, स्केटच्या कडांचा बर्फावर कर्रकन आवाज, उजवीकडे वळण, आणि पक जाळीमागून जोडीदाराला. सगळं मिळून अडीच-तीन सेकंद. ज्याने मान वळवली नाही तो पक मिळवतो खरा, पण पुढच्याच क्षणाला काचेवर असतो.

बहुतेक व्यावसायिक डिफेन्समनची नोकरी या तीन सेकंदांवर टिकते किंवा जाते. एनएचएलचा 2004-05 चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातून झालेल्या टाळेबंदीमुळे रद्द झाला आणि त्यानंतर नियम बदलले. दोन रेषा ओलांडणारा लांब पास मोकळा झाला आणि धावणाऱ्या फॉरवर्डला अडवणं, धरणं यावर पंचांनी कडक शिक्षा द्यायला सुरुवात केली. त्याआधी मागे पक घ्यायला गेलेल्या मुलाला त्याचा जोडीदार हळूच आडवा येऊन एखादा सेकंद मिळवून द्यायचा. ते बंद झालं. नुसता आडदांड डिफेन्समन त्यात मागे पडला आणि चपळ पायांच्या, पहिला पास नीट देणाऱ्या मुलाचा भाव वाढला. तुमचा मुलगा फॉरवर्ड म्हणून सात वर्षं जे हात कमावून बसलाय ते इथे वाया जात नाहीत.

या कामातला धोकाही सांगायला हवा. फिनलंडचा योनी पिटकॅनेन 2002 च्या ड्राफ्टमधला चौथा खेळाडू. एप्रिल 2013 मध्ये आयसिंगच्या, म्हणजे मधल्या रेषेअलीकडून थेट टोकापर्यंत भिरकावलेल्या, पकमागे धावताना तो मागच्या बोर्डावर आदळला आणि त्याची टाच फुटली. 29 वर्षांचा होता. तो पुन्हा एनएचएलमध्ये खेळू शकला नाही. पुढच्या हंगामापासून आयसिंगचा नियम बदलला आणि ती पकपर्यंतची जीवघेणी शर्यत आधीच, वर्तुळातल्या ठिपक्यांपाशी, थांबवायची पद्धत आली.

आता आकडे. एनएचएलमध्ये 32 संघ आहेत. सामन्याला साधारण सहा डिफेन्समन उतरतात, म्हणजे एका रात्री जगात जेमतेम 192 जागा, वर प्रत्येक संघाचे एक-दोन राखीव. या जागांसाठी कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया इथली मुलं धावत असतात. दरवर्षी ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत 224 मुलं निवडली जातात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला एनएचएलचा एकही सामना येत नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. 13 वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हे ओझं ठेवायचं नाही, एवढ्यासाठी सांगतो.

त्या 192 जागांच्या खालीही व्यावसायिक हॉकी आहे आणि त्याबद्दल आपल्या लोकांत फार कमी बोललं जातं. एएचएल आहे, त्याखाली ईसीएचएल आहे, शिवाय स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया इथल्या लीग आहेत. यांत 30-32 व्या वर्षापर्यंत खेळून घर चालवणारे डिफेन्समन मी पाहिलेत. एनएचएलचा किमान पगार 2025-26 च्या हंगामात 7,75,000 डॉलर होता, पण बहुतेक नवोदितांचा करार दुहेरी असतो: वरच्या संघात असाल त्या दिवसांचा एक दर आणि खाली पाठवलं की त्याहून खूप कमी दर. त्यात सुरुवातीची काही वर्षं तरुण खेळाडूला वेव्हरवर, म्हणजे इतर संघांना उचलायला खुलं, न टाकता खाली-वर करता येतं. म्हणून कधी कधी चांगला खेळणारा 21 वर्षांचा मुलगा खाली जातो आणि त्याच्याहून थकलेला जुना खेळाडू वर राहतो, कारण जुन्याला खाली पाठवलं तर दुसरा संघ उचलून नेईल. माझ्या टेबलावर असा एक मुलगा रडला होता. त्याला वाटत होतं, आपलं काहीतरी चुकलं. त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं.

आता माझा मुख्य मुद्दा. डिफेन्समन उशिरा पिकतो असं मी वर म्हटलं, त्याला कारण आहे. फॉरवर्डची चूक झाली तर त्याच्यामागे अजून दोन डिफेन्समन आणि गोली (गोलरक्षक) असतात. डिफेन्समन चुकला तर मागे एकटा गोली. म्हणून कोच इथे अनुभवी माणसाला धरून राहतो. शिवाय मागे उभं राहून सगळा खेळ वाचायची नजर शेकडो सामने खेळून येते, आणि गोलसमोर 95 किलोचा माणूस हटवायला लागणारी ताकद 18 व्या वर्षी बहुतेकांच्या अंगात नसते.

उदाहरणं बघा. टोरंटोचा मार्क जिओर्दानो. त्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. कॅलगरीने तसाच करारबद्ध केला. मध्ये एक हंगाम तो मॉस्कोला जाऊन खेळला, परत आला, 2013 मध्ये कॅलगरीचा कप्तान झाला आणि 2019 मध्ये, 35 व्या वर्षी, त्याला नॉरिस ट्रॉफी मिळाली. त्याचा जन्म ऑक्टोबरचा, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. इथे वयोगट 1 जानेवारीला बदलतो, त्यामुळे नोव्हेंबरातला तुमचा मुलगा जवळजवळ वर्षभराने मोठ्या मुलांशी स्पर्धा करतोय. 13 व्या वर्षी दहा-अकरा महिने म्हणजे कधी कधी दहा सेंटिमीटर आणि दहा किलो. आज तो मागे दिसत असेल, तर त्यात कॅलेंडरचाही वाटा आहे.

डंकन कीथला 2002 मध्ये 54 व्या क्रमांकावर घेतलं. एनएचएलमध्ये यायच्या आधी तो एएचएलमध्ये पूर्ण दोन हंगाम खेळला. मग शिकागोबरोबर तीन स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) आणि दोन नॉरिस. निकलास लिडस्ट्रॉम 1989 मध्ये तिसऱ्या फेरीत, 53 वा. तो निवडीनंतरही दोन वर्षं स्वीडनमध्येच खेळत राहिला, 1991 मध्ये डेट्रॉइटला आला, आणि 42 व्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडे सात नॉरिस आणि चार कप होते. झ्डेनो चारा 1996 चा 56 वा, आणि 1680 सामने खेळून 45 व्या वर्षी थांबला. एनएचएलमध्ये इतके सामने कुठल्याच डिफेन्समनने खेळलेले नाहीत. 14 व्या-15 व्या वर्षी मुलाचं सगळं ठरलं असं कुणी तुम्हाला सांगत असेल, आणि रिंकच्या लॉबीत असं सांगणारे पुष्कळ भेटतात, तर ही चार नावं लक्षात ठेवा.

इथवरचं थोडक्यात: जागा बदलणं हा अपमान नाही, कामाचा गाभा पाय आणि नजर आहे, वरच्या जागा फार थोड्या आहेत, आणि त्या जागांपर्यंत जाणारा रस्ता डिफेन्समनसाठी लांबचा आहे.

उंचीचं उत्तर सोपं आहे. चारा सहा फूट नऊ इंच होता, पण तुमच्या मुलाला त्याच्या मापात बसवायची गरज नाही. क्विन ह्यूज पाच फूट दहा, 2024 चा नॉरिस त्याचा. कोलोरॅडोचा केल मकार सहा फुटांच्या आतलाच, त्याचे 2022 आणि 2025 असे दोन. मॉन्ट्रियलचा लेन हटसन त्याहून लहान, 2022 मध्ये 62 वा निवडला गेला, आणि 2025 मध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. हे तिघं विलक्षण आहेत हे मान्य. सामान्य कौशल्याच्या बुटक्या डिफेन्समनला अजूनही कमी संधी मिळते, हेही खरं. पण उंचीवरून दार आधीच बंद करण्याचे दिवस गेले. आणि आपल्याकडच्या मुलांना आपल्यासारखा चेहरा तिथे दिसावा म्हणून सांगतो: कॅलगरीचा डिफेन्समन केव्हिन बाल मिसिसॉगात वाढला, वडिलांकडून पंजाबी. तो मात्र चांगला सहा फूट सहा इंच आहे!

तुम्ही जाता जाता लिहिलंय की मुलगा उजव्या बाजूने शॉट मारतो. हे मोलाचं आहे. डिफेन्समनमध्ये उजव्या शॉटवाले कमी असतात आणि प्रत्येक संघाला उजव्या बाजूला तसा माणूस हवा असतो. कारण बोर्डालगत येणारा पक त्याला सरळ, फोरहँडवर घेता येतो. डावऱ्या शॉटवाल्याला तिथे बॅकहँडवर घ्यावा लागतो आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. स्काउटच्या वहीत या गोष्टीची नोंद होतेच.

आता माझ्या कामाचा भाग, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

2013 मध्ये हॉकी कॅनडाने पीवी गटापर्यंत, म्हणजे साधारण 12 वर्षांपर्यंत, बॉडीचेकिंग, म्हणजे अंगाने धडक देणं, बंद केलं. तुमचा मुलगा आता त्या वयातून बाहेर पडलाय आणि नेमका डिफेन्सवर गेलाय, जिथे मागे पक घ्यायला जाताना पाठ समोरच्याकडे असते. त्याला टक्कर कशी द्यायची याच्या आधी टक्कर कशी घ्यायची हे शिकवलं गेलं पाहिजे: बोर्डापासून दोन-तीन फुटांवर तसंच उभं राहायचं नाही, कारण तिथून फेकलं गेलं की डोकं काचेवर जातं. एकतर बोर्डाला चिकटायचं, नाहीतर लांब राहायचं. गुडघे वाकलेले, डोकं वर, पककडे सरळ रेषेत न जाता तिरकं जायचं. कोच हे सरावात शिकवतो का, ते बघा. शिकवत नसेल तर संघ बदलायला मला हे एक कारण पुरेसं वाटतं.

एक प्रसंग सांगतो. 17 वर्षांचा डावा डिफेन्समन, शांत, अभ्यासू मुलगा. सामन्यात पाठीमागून धक्का बसून काचेवर गेला. मी त्याला ड्रेसिंग रूममध्ये नेऊन नेहमीचे प्रश्न विचारले. आज कुठला पिरियड, मागचा सामना कुणाशी, शब्द उलट्या क्रमाने सांग. सगळी उत्तरं बरोबर. परतताना रात्री बस कॉफीसाठी थांबली, ड्रायव्हरने आतले दिवे लावले, आणि मी पाहिलं की त्याने हुडी नाकापर्यंत ओढली. बाकीची मुलं खायला धावली, हा जागचा हलला नाही. फोन उलटा मांडीवर. मी शेजारी जाऊन बसलो आणि हळूच विचारलं, "उजेड टोचतोय का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पहिल्या मिनिटापासून टोचतोय. त्या शनिवारी एक स्काउट येणार होता. प्रश्नांची उत्तरं त्याने हंगामाच्या सुरुवातीलाच पाठ करून ठेवली होती.

तो सात आठवडे बाहेर राहिला. संघाच्या व्यवस्थापनातून मला दर दोन दिवसांनी विचारणा व्हायची, अजून किती. मला आजही वाईट वाटतं की मी ते रिंकवरच ओळखलं नाही. तेव्हापासून मी उत्तरांपेक्षा मुलाच्या डोळ्यांकडे आणि वागण्याकडे जास्त बघतो, आणि घरी हे काम आईबापच करू शकतात. सामन्यानंतर गाडीत तो गप्प आहे का, रेडिओ बंद करायला सांगतो का, आवडीचं जेवण टाकतो का, पाहत जा.

ऑन्टारिओत रोवन्स लॉ हा कायदा 2018 मध्ये आला. रोवन स्ट्रिंजर नावाची 17 वर्षांची ओटावाची रग्बीपटू 2013 मध्ये डोक्याला लागोपाठ मार बसून गेली, तिच्या नावाचा हा कायदा. मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचं, आणि टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या परवानगीनंतरच पूर्ण खेळात परत घ्यायचं. दरवर्षी तुम्ही त्याच्या माहितीपत्रकावर सही करता. ते वाचून सही करा. स्टीव्ह मोंटाडोर हा ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला, कष्टाने एनएचएलमध्ये 500 हून जास्त सामने खेळलेला डिफेन्समन 2015 मध्ये 35 व्या वर्षी गेला. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई, म्हणजे वारंवारच्या माराशी जोडलेली मेंदूची झीज, आढळली. हे लिहिताना हात जड होतो. पण या करिअरचं खरं चित्र हवं असेल तर हे त्यात आहे.

डोक्यानंतर खुबा आणि जांघ. डिफेन्समन सारखा पुढून मागे आणि मागून पुढे वळतो, आणि प्रत्येक वळण खुब्यातून येतं. वाढीच्या वयात बारा महिने बर्फावर असलेल्या मुलांचे खुबे मी 17 व्या वर्षी आखडलेले पाहिलेत. मुलगा खाली बसून बूट बांधतानाही तोंड वाकडं करतो. माझा सल्ला: हंगाम संपला की निदान आठ आठवडे स्केट कपाटात. फुटबॉल, लॅक्रॉस, पोहणं, काहीही खेळू दे. जांघेत दुखणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर "खेळता खेळता जाईल" म्हणू नका. बॉबी ऑर हा या जागेवरचा आजवरचा सर्वात मोठा खेळाडू, लीगमध्ये हंगामात सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मिळवणारा एकमेव डिफेन्समन, आणि तेही दोनदा. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून त्याला 30 व्या वर्षी थांबावं लागलं. त्याच्या काळी आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन नव्हतं. आज आहे, पण झिजलेली कूर्चा आजही परत येत नाही.

शिक्षणाबद्दल तुम्हाला एक मोठा दिलासा आहे. पूर्वी 16 व्या वर्षी रस्ता फुटायचा. ऑन्टारिओतल्या ओएचएलसारख्या मेजर ज्युनियर लीगमध्ये एकदा खेळलं की अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए हॉकीचं दार बंद व्हायचं, कारण तिथे या लीगला व्यावसायिक मानत. आईबापांना 15-16 वर्षांच्या मुलासाठी हा निर्णय घ्यावा लागायचा. 1 ऑगस्ट 2025 पासून हा नियम बदलला, आता ओएचएलमध्ये खेळूनही एनसीएएत जाता येतं. यामुळे विद्यापीठातल्या जागांसाठीची चुरस मात्र वाढली. तिथे जाणारी मुलं आता वयाने आणि अंगाने मोठी असतील. माझ्या मते उशिरा वाढणाऱ्या डिफेन्समनसाठी विद्यापीठ फार चांगलं: सामने कमी, व्यायामाला वेळ, आणि हातात पदवी. मकार, ह्यूज, हटसन तिघंही त्याच वाटेने आलेत.

ओएचएलचंही वाईट नाही. हंगामाला 68 सामने, कसदार हॉकी, आणि खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे साधारण एका वर्षाच्या उच्च शिक्षणाचा खर्च. फक्त तो करार ओळ न् ओळ वाचा, विशेषतः मुलाने पुढे व्यावसायिक करार केला तर त्या पैशाचं काय होतं ते. मी सांगितलेला तो शांत मुलगा व्यावसायिक झाला नाही. त्या पैशावर तो कॅनडातल्या विद्यापीठात शिकला, तिथल्या संघात चार वर्षं खेळला, आता इंजिनिअर आहे आणि लहान मुलांच्या संघाला शिकवतो. आणि हेही मनाशी तयार ठेवा, की ओएचएलमध्ये निवड झाली तर 16 व्या वर्षी मुलगा कदाचित दुसऱ्या गावी, अनोळखी कुटुंबात राहील. इथे त्याला बिलेट म्हणतात. टोरंटोहून सू सेंट मरी जवळपास 700 किलोमीटर. आपल्या घरांत हा भाग हॉकीपेक्षा जड जातो. मी पाहिलेली बिलेट कुटुंबं बहुतेक फार प्रेमळ होती, तरी पहिल्या दोन महिन्यांत रात्री माझ्याशी गप्पा मारायला थांबणारी मुलं दर हंगामात असायची.

पैशाचं परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे आकडा देत नाही. ट्रिपल-ए ला, म्हणजे मुलांच्या हॉकीतल्या सर्वात वरच्या पातळीला, वर्षाला हजारो डॉलर लागतात हे तुम्हाला माहीत आहे. माझी कसोटी अशी: तो पैसा गेला आणि हॉकीतून एक डॉलरही परत आला नाही, तरी घराला आणि धाकट्या भावंडाला झळ बसणार नसेल, तर घाला. कर्ज काढून घालू नका. तुमच्या मुलाला या वर्षी महागड्या समर कॅम्पपेक्षा दोन गोष्टींचा फायदा होईल: आठवड्यातून एकदा उलट्या स्केटिंगचा आणि वळण्याचा चांगला शिक्षक, आणि खालच्या पातळीवर का होईना, भरपूर वेळ बर्फावर मिळणारा संघ. ट्रिपल-ए मध्ये सहावा डिफेन्समन म्हणून बेंचवर बसण्यापेक्षा डबल-ए मध्ये पहिल्या जोडीत, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर) आणि पेनल्टी किल (आपला बाहेर) दोन्ही खेळलेला मुलगा दोन वर्षांत पुढे जातो, असं मी अनेकदा पाहिलंय. संघाची निवड करताना त्याच्या बाबांशी यावर बोला.

आणि मुलगा गप्प आहे म्हणालात, ते मला सगळ्यात जास्त टोचलं. गोल करणाऱ्या मुलाला घरी आल्यावर सांगायला काहीतरी असतं. डिफेन्समनला घरातल्या कुणी काही विचारतच नाही. येत्या शनिवारी स्टँडमधल्या नेहमीच्या जागी न बसता त्याच्या बाबांना घेऊन गोलमागच्या काचेपाशी उभ्या राहा, फक्त पहिल्या पिरियडला. तो पक घ्यायला मागे येईल तेव्हा पकला हात लावायच्या आधी किती वेळा मान वळवतो ते दोघांनी मोजा. गाडीत बसल्यावर त्याला तो आकडा सांगा, आणि मागे बघितलं तेव्हा काय दिसलं ते त्याला विचारा.